सावलीतली चौथी

हमीदभाई,

दहाएक दिवसांपूर्वी, तुम्ही गेल्यानंतरच्या चाळिसाव्याला आले होते. दुकानामागच्या ज्या खोलीत तुमची डार्करूम होती, तिथे भाभींनी आता धान्याच्या कोठ्या ठेवल्या आहेत. तिथेच आम्हा बायकांची जेवणं झाली. हात धुऊन मी निघाले, तेव्हा भाभींनी मला दाराआड घेतलं आणि बटरपेपरमध्ये गुंडाळून दोऱ्याने बांधलेलं एक पुडकं हातात ठेवलं. म्हणाल्या, "दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिशी काढून ठेवलं व्हतं त्यांनी. अंजलीताईला द्या म्हनले. आन निरोप सांगा म्हनले, आता ठरवा."

आत काय असणार ते मला न उघडताच कळलं. चार वर्षांपूर्वी जे मी तुमच्याकडे मागितलं होतं आणि तुम्ही 'सापडत नाही' म्हणून सांगितलं होतंत, तेच. संगीची निगेटिव्ह. वरच्या वाडीतल्या पारूबाईंची ही धाकटी मुलगी. मी तिला कधी पाहिलं नाही. मी पौडात पाऊल ठेवायच्या कितीतरी आधीच ती तापाने गेली. तिचा एकच फोटो होता, शाळेचा, तुम्ही काढलेला. त्या फोटोपायी आपण दोघं पाच महिने एकमेकांशी बोललो नव्हतो.

यातलं बहुतेक तुम्हाला माहीत आहे. तरी पहिल्यापासून सांगते, कारण शेवट तुम्हाला माहीत नाही.

आपली ओळखच मुळी भांडणाने झाली. नोकरी लागली म्हणून मी उदगीरहून आले, भूगावात दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि रेशनकार्डासाठी पौडच्या तहसील कचेरीत चकरा मारू लागले. तिसऱ्या चकरेला खिडकीतल्या माणसाला आठवलं की फोटो लागतात. समोरच तुमचा स्टुडिओ. तुम्ही मला लोखंडी स्टुलावर बसवलंत आणि हनुवटी किती वर करायची ते लांबूनच फुटपट्टीने हवेत दाखवलंत. तासाभराने फोटो हातात आले आणि माझा पारा चढला. फोटोतली बाई माझ्यासारखीच होती, पण गोरी.

"मी सावळी आहे," मी म्हटलं.

"व्हय की. म्हनून तर जरा उजळ केलंया."

"तुम्हाला सांगितलं कुणी होतं?"

"सांगाया कशाला लागतंय, ताई? समदीच मागत्यात. लग्नाचा फोटू असंल तर आनखी थोडं उजळ करतो."

"रेशनकार्डावर लग्न लावायचंय का माझं?"

मागच्या बाकावरचे दोघं फिस्सकन हसले. तुम्ही हसला नाहीत. माझ्या हातातून फोटो घेतलेत, पडद्यामागे गेलात आणि अर्ध्या तासाने दुसरे घेऊन आलात. त्यात मी होते. अगदी मी, कानाजवळच्या तिळासकट. "हीच ना तुमी?" तुम्ही विचारलंत, आणि माझी मान आपोआप हलली. तो फोटो अजून माझ्या रेशनकार्डावर आहे.

एकाच निगेटिव्हमधून गोरी अंजली आणि सावळी अंजली कशी निघते, हे मला बघायचं होतं. माझं कामही त्याच जातीचं होतं, म्हणून जास्तच. तुम्ही पडदा वर केलात. लाल दिवा, औषधांचा आंबूस वास, लाकडी टेबलावर निगेटिव्हचं चित्र कागदावर मोठं पाडणारा एन्लार्जर. त्याच्या उजेडाखाली कोरा कागद, आणि तुमच्या हातात सायकलचा एक जुना स्पोक, टोकाला रुपयाएवढी पुठ्ठ्याची चकती. जिथे काळं होईल असं वाटतं तिथे ती चकती उजेडाच्या आड धरायची, काही सेकंद, आणि हात सारखा हलता ठेवायचा. "एका जागी धरली की डाग पडतो," तुम्ही सांगितलंत. "हात फिरता पायजे. कुणाला किती उजेड द्यायचा आन कुणाचा अडवायचा, एवढंच काम हाय बगा आमचं."

त्यानंतर मी शनिवारी शनिवारी यायला लागले. सुरुवातीला काही ना काही निमित्त असायचं, नंतर तेही सुटलं.

हिंजवडीला आमच्या कंपनीत जुने फॉर्म, जुनी रजिस्टरं स्कॅन करून संगणकाला वाचायला शिकवायचं काम चालायचं. वाचायच्या आधी पानावरच्या प्रत्येक ठिपक्याला सांगावं लागतं, तू काळा की तू पांढरा. आम्ही अख्ख्या पानाला एक हद्द ठरवून द्यायचो. हद्दीच्या वर उजेड असेल तो पांढरा, खाली असेल तो काळा. नवा कोरा कागद असला की झकास चालायचं. पण रजिस्टराच्या शिवणीजवळ सावली पडलेली असली किंवा पानावर चहा सांडलेला असला, की तेवढा भाग अक्षरांसकट काळाठिक्कर. आणि कोपऱ्यात कुणी फिकट शाईने नाव लिहिलेलं असलं, की ते नावच नाहीसं व्हायचं. असं एक पान मी तुम्हाला दाखवलं. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघितलंत.

"तुमच्या मशीनला एक सांगा," तुम्ही म्हणालात. "उन्हातला काळा मानूस आन सावलीतला गोरा मानूस, कागदावर एकाच रंगाचं दिसत्यात. नुसता त्याच्याकडं बघून न्हाई कळायचं. त्याचा शेजार बघाया लागतो."

खरं सांगायचं तर ही युक्ती तुमचीही नव्हती आणि माझीही नव्हती. ती पुस्तकात होती. मी ती परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. प्रत्येक ठिपक्याच्या आसपासच्या उजेडाची सरासरी काढायची आणि त्याला अख्ख्या पानाशी न ताडता तिच्याशी ताडायचं. पण पाठ असणं वेगळं. मला ती कळली तुमच्या बाकावर बसून, हातात तुमचा कपबशीतला अतिगोड चहा घेऊन. सोमवारी ऑफिसात जाऊन मी सगळा प्रोग्रॅम नव्याने लिहिला. फिकट शाईची नावं परत आली. पुढच्या शनिवारी मी पेढे घेऊन आले, तर तुमची शंका तयारच. "शेजार केवढा धरला?"

"म्हणजे?"

"चार घरांचा धरला तर नुसती किरकिर. आख्ख्या गावाचा धरला तर पुन्हा तहसीलदाराचा हुकूम. सगळ्यांना एकच."

मी खो खो हसले, पण तीच आमची खरी अडचण होती. पुढचे दोन महिने मी शेजार केवढा धरायचा हेच शोधत होते. ऑफिसात कुणाला सांगायची सोय नव्हती की माझे गुरू पौडच्या एसटी स्टँडजवळ पासपोर्ट फोटो काढतात.

तुमचं एक काम मात्र मला आवडत नसे. तालुक्यात अशी कितीतरी म्हातारी माणसं होती ज्यांनी जन्मात फोटो काढला नव्हता. तसं कुणी गेलं की घरचे तुम्हाला बोलवायला यायचे. तुम्ही हातातलं काम टाकून जायचात, फोटो काढून आणायचात आणि मग प्रिंटवर बारक्यात बारक्या ब्रशने त्या माणसाचे डोळे उघडायचात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा अंगावर काटा आला.

"हे खोटं नाही का?" मी विचारलं होतं.

"मिटल्या डोळ्यांचा फोटू भिंतीला लावायचा न्हाई, ताई. घरच्यांना मग तेवढंच दिसत ऱ्हातं. जिता असतानाचं समदं पुसलं जातं."

"पण डोळे कसे होते ते तुम्हाला काय माहीत?"

"घरातल्या कुनाला तरी समोर बसवतो. डोळं घराण्याचंच असत्यात."

माझं समाधान झालं नाही. तुम्ही मला गोरी केलंत तेव्हा मी जशी चिडले होते, तशीच आतून चिडले. माणूस होता तसा दाखवावा, बास, असं माझं तेव्हाचं मत होतं. वयही तसं होतं.

संगीची गोष्ट तुम्ही मला अशीच एकदा सांगितलीत, स्पोकला नवी चकती चिकटवता चिकटवता. शाळेचा फोटो, मैदानातल्या आंब्याखाली. मास्तरांची घाई. पुढच्या दोन रांगा उन्हात आणि मागची रांग झाडाच्या सावलीत. किती उजेड घ्यायचा ते तुम्ही उन्हातल्या पोरांवरून ठरवलंत, कारण ती जास्त होती. मागच्या रांगेत डावीकडून चौथी संगी. काही महिन्यांनी ती गेली, आणि पारूबाई तो फोटो प्लास्टिकच्या पिशवीत घालून तुमच्याकडे आल्या. "भाई, ह्यातली माजी तेवढी काढून दे." त्यांच्या त्या मुलीच्या जागी नुसता अंधार होता आणि दोन पांढऱ्या रिबिनी.

"तीन दिस घातलं," तुम्ही म्हणालात. "काय न्हाई निघालं. मंग तिच्या थोरल्या बहिनीला, मंगलला, हितं बसवली आन तिचं डोळं घातलं. पारूबाई घेऊन गेली. अजून त्याच फोटूम्होरं दिवा लावती."

हे सांगताना तुम्ही माझ्याकडे बघत नव्हतात. मला वाटलं, हार कबूल करायची म्हणून कारागिराची मान खाली गेली असेल. त्यापलीकडे जायची बुद्धी मला झाली नाही.

मग डिजिटल आलं. तुम्ही बराच काळ नाक मुरडलंत, पण गिऱ्हाईक थांबेना, तेव्हा कॅमेरा आणि संगणक दोन्ही घेतलंत. आता शनिवारी मी मास्तरीण आणि तुम्ही विद्यार्थी. माउस तुम्ही असा धरायचात की जणू तो पळून जाईल. 'उजळ'वाली पट्टी सरकवली की सगळंच एकदम उजळ होतं, याचा तुम्हाला मनस्वी राग होता. "ह्यात आन तुमच्या कचेरीच्या मशीनमदी काय फरक मंग? पुन्हा समद्यांना एकच हुकूम."

त्याच सुमाराला ऑफिसातलं काम सांभाळून मी एक वेगळा प्रोग्रॅम लिहीत होते. कॅमेऱ्याने टिपलेला उजेड फार असतो, कागदाला नाहीतर पडद्याला पेलतो तो थोडा. तो सगळा थोड्या जागेत बसवायचा, पण सरसकट दाबून नाही. फोटोच्या प्रत्येक भागाला त्याच्या त्याच्या शेजाराप्रमाणे वागवून. तुम्ही मुळशी धरणाच्या काठावर भाभींचा फोटो काढला होता. मागे पाणी उन्हाने नुसतं पेटलेलं आणि भाभींचा चेहरा काळोखात. तो मी प्रोग्रॅममध्ये घातला. चेहरा वर आला, नथ दिसली, आणि मागचं पाणीही जागच्या जागी राहिलं. तुम्ही खुर्ची पुढे ओढलीत.

"आन ही डोस्क्याभवती प्रभावळ कशाला लावली? भाभी हाय का देवी?"

खरंच, भाभींच्या केसांभोवती पांढरी कड उमटली होती. मी म्हटलं, शेजार चुकला, दुरुस्त करते. मग तुम्ही हळूच विचारलंत, "ह्यात हात कुनाचा फिरतो?" मी म्हटलं, कुणाचाच नाही, गणित फिरतं. तुम्ही 'बरं' म्हणालात. तुमचा चेहरा मला तेव्हा वाचता आला नाही, आणि खरं म्हणजे मी वाचलाही नाही, कारण माझ्या डोक्यात संगी आली होती. निगेटिव्हमध्ये कागदावर दिसतं त्यापेक्षा पुष्कळ जास्त असतं. ती द्या, मी खरा चेहरा काढते, असं मी म्हटलं.

"ती आता सापडायची न्हाई," तुम्ही म्हणालात.

प्रत्येक गावाचा वेगळा डबा, डब्यावर कागद चिकटवून नाव, असं तुमचं दुकान. तरी मी विश्वास ठेवला.

आणि मग मी तो गाढवपणा केला. पारूबाई काही कामाने तालुक्याला आल्या की तुमच्या बाकावर बशीत चहा ओतून प्यायच्या आणि मगच एसटी धरायच्या. करवंदांच्या दिवसांत पळसाच्या पानात बांधून तुमच्यासाठी करवंदं आणायच्या. त्या शनिवारी त्या आल्या, मी होते, आणि माझ्या तोंडात तीळ भिजेना.

"मावशी, संगीचा खरा चेहरा निघेल. आता संगणकावर निघतो."

पारूबाईंनी बशी खाली ठेवली. "खरा म्हंजी?"

"रंगवलेला नाही. तिचाच."

त्या तुमच्याकडे बघू लागल्या. तुम्ही काउंटरच्या काचेखालचे नमुन्याचे फोटो सरळ करायला लागलात. ते आधीच सरळ होते.

"कवा देतीस?" त्यांनी मला विचारलं.

"भाईंना निगेटिव्ह सापडली की लगेच."

त्या गेल्यावर तुम्ही माझ्यावर पहिल्यांदा आणि शेवटचे ओरडलात. "तुमी कोन ठरिवनाऱ्या? ती बाई इतकी वर्सं त्या फोटूशी बोलतीया. तिला सांगायचं, ह्यो खोटा हाय?"

"खोटाच आहे ना?"

"आसंल! तुमाला काय ठावं, खऱ्यात काय हाय ते?"

मी तिथे थांबायला हवं होतं. तुम्ही मला तेव्हाच सांगितलं होतंत, इतकं उघड. पण मी रागात होते, आणि रागात मला नेमकं लागेल असं बोलता येतं. मी म्हटलं, "निगेटिव्ह सापडत नाही हे खोटं आहे. तुमचा हात जिथे हरला तिथे माझा संगणक जिंकेल, म्हणून देत नाही तुम्ही."

तुम्ही मान खाली घातलीत. "जावा तुमी, ताई," एवढंच म्हणालात.

पाच महिने मी भूगावच्या पुढे पौडच्या दिशेला गेले नाही. मग व्हिसासाठी फोटो लागले. शहरातल्या एका चकचकीत दुकानातून काढले, आणि काय सांगू, त्यांनी मला संगणकावर गोरी केली होती! मी तडक एसटीत बसले आणि ते फोटो तुमच्या काउंटरवर आपटले. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात. "आरारारा. ह्यानं तर पार पिठाच्या डब्यात बुचकळलंया." मी हसले, तुम्ही हसलात, फुटपट्टी हवेत गेली, मी हनुवटी वर केली. आपलं भांडण असं मिटलं. मी माफी मागितली नाही, तुम्हीही विषय काढला नाहीत. संगीचं नाव पुन्हा आपल्यात निघालंच नाही.

पारूबाई मात्र विसरल्या नाहीत. तुम्ही आत असलात की त्या बाकावरून वाकून हळू आवाजात विचारायच्या, "कवा देतीस गं?" मी म्हणायचे, "बघते, मावशी." चार वर्षं हेच. मला वाटायचं, आपण या बाईच्या मनात किडा सोडला. तिला ना आता जुना फोटो खरा वाटत असेल, ना नवा हातात येतोय.

पुडकं मी गेल्या रविवारी सकाळी उघडलं. आत निगेटिव्ह होती आणि घडी केलेला एक कागद. कागद बाजूला ठेवला. तुमचं हिशेबाचं काहीतरी असेल म्हणून. घाई ही माझी जुनीच खोड. निगेटिव्ह स्कॅनरवर ठेवली, कमीजास्त उजेडात तीनदा स्कॅन केली, तिन्ही एकत्र केल्या आणि प्रोग्रॅम चालवला. उन्हातली पोरं जागच्या जागी राहिली. मागच्या रांगेतला काळोख हळूहळू निवळला. डावीकडून चौथी. रिबिनी. मग कपाळ, थोडं पुढे आलेलं. बारीक नाक. हसू दाबलेलं तोंड.

डोळे मिटलेले.

मी शेजार कमी केला, वाढवला, पुन्हा चालवलं. पुन्हा मिटलेले. नेमकी त्या क्षणाला तिने पापणी मिटली होती. तेवढंच. कुठल्याही वर्गाच्या फोटोत एखाद्या पोराचं होतं तसं.

मग मी तो बाजूला ठेवलेला कागद उघडला. त्यात तुमचा प्रिंट होता, पिवळा पडलेला. फक्त संगीचा चेहरा, मोठा केलेला. माझ्या पडद्यावरच्यापेक्षा कितीतरी चांगला. प्रभावळ नाही, डाग नाही, खालच्या पापणीवर टेकलेल्या वरच्या पापणीचे केस वेगळे मोजावेत असे. मागे पेन्सिलीने सेकंदांचे आकडे, एकाखाली एक, खोडून पुन्हा लिहिलेले.

तुम्ही हरला नव्हतात, हमीदभाई. त्या तीन दिवसांतच तुम्ही तिला सावलीतून बाहेर काढली होतीत. काढली, बघितली, आणि लपवून ठेवलीत. लेकीला पुरून आलेल्या आईच्या हातात मिटल्या डोळ्यांची लेक द्यायची नाही म्हणून तुम्ही स्वतःच्या हातालाच नालायक ठरवलंत, सगळ्यांसमोर आणि माझ्यासमोरही. आणि मी तुम्हाला काय बोलले होते. चुकले हो. चार वर्षांत कुठल्याही शनिवारी हे म्हणता आलं असतं, तुम्ही समोर होतात, चहा समोर होता. आता कागदावर लिहितेय, त्याचा तुम्हाला काय उपयोग?

आठवडाभर तुमचा निरोप डोक्यात घोळत होता. आता ठरवा. 'तुमी कोन ठरिवनाऱ्या?' या तुम्ही चिडून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच देऊन गेलात, आणि मला ते नको होतं. द्यावा तर तुमची इतक्या वर्षांची राखण मोडते. न द्यावा तर त्या बाईला 'बघते, मावशी' असं मरेपर्यंत सांगत बसायचं. शेवटी काल एसटीने निघाले. पर्समध्ये तुमचा प्रिंट होता. माझा घरीच ठेवला.

पारूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. आत भिंतीवर तुम्ही डोळे रंगवलेला तो जुना फोटो, झेंडूची माळ घातलेला. त्यातून मंगल माझ्याकडे टक लावून बघत होती. मंगलला मी एकदा तुमच्या दुकानात लेकराचा फोटो काढायला आलेली पाहिली होती. तेच डोळे.

"भाईच्या चाळिसाव्याला यायचं व्हतं," पारूबाई म्हणाल्या. "गुडघ्यांनी घात केला." मग सूप बाजूला सारून त्यांनी माझ्या पर्सकडे बघितलं. "आनलास?"

"आणलाय, मावशी. पण आधी ऐका. त्यात तिचे डोळे..."

"मिटल्यात. ठावं हाय."

मी ओट्यावर त्यांच्या शेजारी बसले.

"शाळंतनं आली त्याच दिशी सांगितलं व्हतं तिनं. आये, फोटू काढताना माजं डोळं मिटलं, भाईंना कळलं न्हाई, तू सांगू नगंस. मंग भाईनं उघड्या डोळ्यांची आनून दिली. बघितल्या बघितल्या वळखलं म्या. मंगलचं डोळं मला कळायचं न्हाईत व्हय?"

"मग तुम्ही भाईंना कधी बोलला नाहीत?"

"काय बोलू? येवढा जीव लावून उघडलं व्हतं त्यानं. मिटल्या डोळ्यांचा दे, आसं त्याच्या तोंडावर कसं मागायचं? म्हनून तर तुज्या मागं लागले व्हते."

तुम्ही दोघं त्या एका बाकावर बसून इतकी वर्षं चहा प्यालात, हमीदभाई. तुम्ही त्यांच्यापासून लपवत होतात आणि त्या तुमच्यापासून. आणि मध्ये मी, खरं-खोटं करत. मला तिथेच ओट्यावर रडू आलं, आणि पारूबाईंनी मला मुळीच समजावलं नाही. त्या पदराला हात पुसून वाट बघत होत्या.

मी प्रिंट दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, मग जवळ आणला, मग मांडीवर आडवा ठेवला, निजलेल्या पोराला ठेवावं तसा.

"अश्शीच निजायची," त्या म्हणाल्या. "वठ दाबून. जागी हाय का निजलीया कळायचं न्हाई."

भिंतीवरचा तसाच राहील, असं त्यांनी सांगितलं. तो भाईचा आहे, आल्यागेल्याने बघायला. हा त्यांच्या उशाशी. मी ठरवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"ह्यो तुज्या मशीनवर काढलास?" त्यांनी विचारलं.

"नाही, मावशी. हाही भाईंनीच काढलाय. तेव्हाच."

त्यांनी फोटो उलटा केला. वाचता येत नाही त्यांना, पण पेन्सिलीच्या त्या आकड्यांवरून बोट फिरवत राहिल्या, वरून खाली, खोडलेल्यांवरूनसुद्धा.

"हितं काय लिवलंय गं?"

"भाईंनी तिच्यावर किती वेळ हात धरला होता, ते."